डोळे सर्वांत शेवटी

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडते आणि जिते स्थानकात जराशी टेकते. पुढचं स्थानक हमरापूर, त्यापुढचं पेण. होळीच्या सुमारास इथं उतरून गावात शिरलं, की घरांच्या पडव्यांत आणि निळ्या ताडपत्रीखाली उभारलेल्या मांडवांत पांढरे गणपती दिसू लागतात. दहा नाही, वीस नाही, ओळीच्या ओळी. सोंड आहे, मोदक आहे, जानव्याची रेघसुद्धा उठलेली आहे. डोळ्यांच्या जागी मात्र नुसता गुळगुळीत फुगवटा. आजूबाजूच्या आंब्याच्या पानांवर पांढरी धूळ, आणि कुणी तरी पॉलिश पेपरने एका गणपतीचं पोट घासत बसलेलं.

जिते, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, दादर या पट्ट्याचं हे वर्षभराचं काम. (दादर म्हणजे मुंबईचं नव्हे. पेण तालुक्याला स्वतःचं दादर आहे आणि हा खुलासा करून तिथले लोक कंटाळलेले असतात.) गणपतीचं काम आधी पेण शहरात रुजलं, मग आसपासच्या खाडीकाठच्या गावांत पसरलं. इथली शेती पावसाळी भाताची, एकपिकी. बाकीचे महिने हात रिकामे. त्या रिकाम्या हातांना साचा मिळाला आणि बघता बघता जोडधंद्याचा मुख्य धंदा झाला. आज इथून लाखोंच्या संख्येने मूर्ती मुंबई, पुणे, कोकण, गुजरात आणि न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातात.

अस्थिर काळात धंदा कसा हाकावा यावर लिहायला बसलं, की मोठमोठ्या कंपन्यांची नावं सुचतात. मला मात्र हे बिनडोळ्यांचे गणपतीच आधी आठवतात. कारण इतक्या अस्थिर पायावर उभा असलेला धंदा दुसरा दाखवणं कठीण. विक्रीचा मुहूर्त वर्षातून एकच. तोही दर वर्षी सरकतो. चतुर्थी उलटल्यावर मालाला गिऱ्हाईक नाही. गणपतीचा सेल लागत नाही.

आधी हा मुहूर्तच बघू. २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. मधले दिवस ३५४. अधिक महिना आला की हेच अंतर ३८३ किंवा ३८४ दिवसांवर जातं. म्हणजे कारखानदाराचं आर्थिक वर्ष कधी अकरा दिवसांनी आखूड, तर कधी अठरा-एकोणीस दिवसांनी लांब. आखूड वर्षात चतुर्थी भर पावसात येते. रंग वाळत नाही आणि रंगकामाला बसणाऱ्या बायकांना त्याच दिवसांत भातलावणीलाही जायचं असतं. लांब वर्षात हात निवांत मिळतात, पण कर्जाचं व्याजही तेवढे दिवस जास्त चालतं. गंमत म्हणजे ही अस्थिरता पंचांगात आधीच छापलेली आहे. ती दिसते म्हणून तिची भीती नाही. भीती असते ती न छापलेल्या गोष्टींची, आणि त्यांच्याकडे आपण येऊच.

मूर्ती कशी होते हे समजल्याशिवाय पुढचा हिशेब कळणार नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे तापवलेलं जिप्सम. जिप्सम साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवलं, की त्याच्या स्फटिकात अडकलेलं पाऊण पाणी उडून जातं. उरलेल्या भुकटीत पुन्हा पाणी घातलं, की ती ते पाणी अधाशासारखी पिते आणि काही मिनिटांत दगडासारखी घट्ट होते. कारागीर रबरी साच्यात पातळ काला ओततो, साचा हलवून तो सगळीकडे फिरवतो, ताकदीसाठी काथ्या लावतो आणि थोड्या वेळाने रबर सोलून काढतो. आत पोकळ, हलकी, पांढरी मूर्ती. हीच कच्ची मूर्ती. मग फिनिशिंग, अंगाचा रंग, शेडिंग, पितांबर, शेला, सोनेरी, आणि सगळ्यांत शेवटी आखणी, म्हणजे डोळे.

आखणी हे पेणचं नाव झालं त्यामागचं खरं कारण. बारीक ब्रश, हात मनगटाशी टेकवलेला, श्वास रोखलेला. आधी पापणीची रेघ, मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. तो ठिपका चुकला तर देव रागावलेला दिसतो किंवा झोपाळलेला. पाय चेपायला आलेलं पोर मध्येच बोललं तरी आखणीवाला उत्तर देत नाही. आखणी झाली की मूर्ती ‘पक्की’.

आणि इथंच धंद्याचं गुपित आहे. पेणच्या पट्ट्यात मूर्ती दोन्ही अवस्थांत विकली जाते: कच्चीही आणि पक्कीही. ठाण्याचा, नाशकाचा, कोल्हापूरचा छोटा मूर्तिकार इथून कच्चा माल उचलतो आणि आपल्या गावी रंगवतो. जो कारखानदार स्वतः रंगवतो, तोही सगळा माल एकदम रंगवत नाही. कच्च्या मूर्तींची रास मांडवात उभी राहू देतो आणि व्यापाऱ्यांच्या मागणीचा अंदाज येईल तसतशी रंगाला घेतो. पाहुण्याला हा आळस वाटतो. तो हिशेब आहे.

व्यवस्थापनशास्त्रात ‘वर्तमानपत्रवाल्याचा प्रश्न’ म्हणून एक जुनं कोडं आहे. पेपर टाकणाऱ्याने पहाटे किती अंक उचलावेत? कमी उचलले तर गिऱ्हाईक परत जातं, जास्त उचलले तर संध्याकाळी रद्दी. गणपतीचा कारखानदार म्हणजे वर्षातून एकदाच पेपर विकणारा माणूस. आकडे धरून बघू. आकडे मी समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा दीड फुटाच्या मूर्तीला कच्ची होईपर्यंत २५० रुपये लागतात, रंग आणि आखणीचे आणखी ३५०. एकूण ६००. व्यापाऱ्याला ती हजाराला जाते. विकली तर ४०० सुटतात. रंगवलेली मूर्ती उरली तर ६०० बुडतात, कारण पुढच्या वर्षापर्यंत तिचा रंग उतरतो, धूळ बसते आणि ठरावीक घाटाची फॅशनही गेलेली असते. मागणी ८०० ते १,२०० यांत कुठेही पडू शकते, असं धरू.

कोड्याचं उत्तर असं: हुकलेल्या विक्रीचा तोटा ४०० आणि उरलेल्या मालाचा तोटा ६००. चारशेला या दोहोंच्या बेरजेने, म्हणजे हजाराने भागा. ०.४ आलं. म्हणजे मागणीच्या पट्ट्यात खालून चाळीस टक्क्यांवर थांबा: ९६० मूर्ती. मधल्या अंदाजापेक्षाही कमी! सगळा माल आधीच पक्का करणाऱ्याने हात आखडताच घ्यायला हवा.

आता कच्ची मूर्ती बघा. ती उरली तर माळ्यावर जाते आणि पुढच्या वर्षी रंगते. नुकसान फार तर जागा, तूटफूट आणि व्याज मिळून पन्नास रुपयांचं. चारशेला साडेचारशेने भागलं तर ०.८९. म्हणजे १,१५५ कच्च्या मूर्ती खुशाल काढून ठेवा. तोच माणूस, तेच गिऱ्हाईक, तीच अनिश्चितता. फक्त निर्णय दोन तुकड्यांत घेतला, तर जवळजवळ दोनशे मूर्ती जास्त तयार ठेवण्याची हिंमत येते. इटलीच्या बेनेटन कंपनीने स्वेटर आधी बिनरंगाचे विणून मग फॅशन बघून रंगवण्याची पद्धत आणली, तिचं व्यवस्थापनाच्या पुस्तकांत अजून कौतुक चालतं. जित्याच्या मांडवात कुणी बेनेटनचं नाव ऐकलेलं नसेल. युक्ती तीच आहे.

अर्थात कागदावर हे जितकं सरळ दिसतं तितकं नाही. आखणीचे हात मोजके. सगळा माल शेवटच्या महिन्यावर ढकलला तर ते पुरत नाहीत, आणि श्रावणात अंगाचा रंग वाळायला हॅलोजन लावावे लागतात. म्हणून जाणता कारखानदार मालाचे दोन भाग करतो. टिटवाळा, दगडूशेठ, लालबाग हे घाट दर वर्षी जाणारच. ते माघ-फाल्गुनातच रंगवून प्लास्टिकखाली झाकून ठेवायचे. नव्या फॅशनचे घाट मात्र शेवटपर्यंत कच्चे. ‘जय मल्हार’ मालिका जोरात होती तेव्हा खंडोबाच्या रूपातले गणपती मागितले जात होते. ‘बाहुबली’ आला तेव्हा बाहुबलीच्या थाटातले. मालिका संपली की गिऱ्हाईकही संपलं. त्या वर्षीचे साचे कुठल्या तरी माळ्यावर अजून पडलेले असतील.

इथवर आपण बोललो ते मोजता येण्याजोग्या जोखमीबद्दल. अमेरिकन अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट याने १९२१ साली एक भेद मांडला होता, तो इथं उपयोगी पडतो. फासे टाकताना काय काय पडू शकतं हे ठाऊक असतं, ती जोखीम. पण फाशालाच किती बाजू आहेत हे ठाऊक नसेल, तर ती अनिश्चितता. लवकर आलेली चतुर्थी, लांबलेला पाऊस, पडलेली फॅशन ही जोखीम. २०२० साली पेणने दुसरी गोष्ट पाहिली.

त्या वर्षी २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभराच्या टाळेबंदीला सुरुवात झाली. रंग, काथ्या, प्लास्टर, मजूर, ट्रक, सगळं जागच्या जागी थांबलं. १२ मे रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढून प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी आणली. कारखान्यांत तोवर हजारो कच्च्या मूर्ती उभ्या. दहा दिवसांनी, २२ मे रोजी, केंद्र सरकारने बंदी वर्षभर पुढे ढकलली. सुटकेचा श्वास टाकून दोन आठवडे झाले नाहीत तोच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पत्रे उडाले की मांडवातल्या मालाचं काय होतं ते सांगायला नको. मग ११ जुलैला राज्य सरकारचा नियम आला: सार्वजनिक मूर्ती चार फुटांची, घरगुती दोन फुटांची. चतुर्थी २२ ऑगस्टला. हातात ४२ दिवस.

या पाच तारखा मी एकामागे एक लिहिल्या, कारण एखाद्या कारखान्याच्या वहीत त्या अशाच लागोपाठ पडल्या असणार. यांतली एकही पंचांगात नव्हती. अशा वेळी कोण तगतो? हुशार अंदाज बांधणारा नव्हे. अंदाज बांधायला काही हातात नव्हतंच. ज्याने हिवाळ्यात आठ-आठ फुटांच्या मूर्ती काढल्या होत्या, त्याचं भांडवल त्या पोकळ पोटांत अडकलं. ज्याच्याकडे एक-दीड फुटाचे साचे भरपूर होते, त्याचा माल नियमातही बसला आणि गिऱ्हाइकाच्या घरातही. कारण मंडळं मागे हटली (लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला), पण घरातला गणपती कुणी चुकवला नाही. दहा दिवसांचा दीड दिवसावर आला एवढंच. लहान मूर्तीत फायदा कमी, कटकट जास्त, म्हणून चांगल्या वर्षात तिच्याकडे दुर्लक्ष होतं. वाईट वर्षात तीच घर चालवते. मला वाटतं धंद्यात ‘कंटाळवाणा पण न थांबणारा माल’ कोणता, हे चांगल्या वर्षातच ओळखून ठेवावं लागतं.

२०२५ ची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते जास्त शिकण्यासारखी. ३० जानेवारीला मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरबंदी काटेकोर पाळण्याचे आदेश दिले. माघी गणपती दारात होते. मुंबईत काही मंडळांची विसर्जनं अडली. पेणच्या पट्ट्यात तोवर चतुर्थीचा माल अर्धाअधिक साच्यांतून निघालेला. पुढे राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाकडे अभ्यास सोपवला, मूर्तिकारांच्या संघटना रस्त्यावर आल्या, आणि ९ जूनला न्यायालयाने मूर्ती बनवायला वाट मोकळी केली. नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन मात्र नाही. जुलैच्या अखेरीस सहा फुटांहून उंच मूर्तींपुरती त्यातही सूट मिळाली. ९ जूनपासून चतुर्थीपर्यंत उरले होते ७९ दिवस.

फेब्रुवारीत उभ्या असलेल्या कारखानदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. काम थांबवावं, तर जूनमध्ये परवानगी मिळाल्यावर माल कुठून आणायचा? चालू ठेवावं, तर बंदी कायम राहिल्यास सगळं भांडवल पाण्यात. तेही आता कुठल्याच पाण्यात सोडता न येणारं. शाडूकडे वळावं, तर शाडूचं गणितच निराळं. शाडूची माती गुजरातेतून येते. ती रसायनाने घट्ट होत नाही, उन्हावाऱ्याने वाळते. मूर्ती जड, ठिसूळ. कच्ची असताना ट्रकमध्ये हिंदकळली की हात तुटतो, कान तुटतो. एकाच कारागिराच्या हातून दिवसात प्लास्टरच्या जितक्या मूर्ती निघतात, त्याच्या काही हिश्शानेच शाडूच्या निघतात.

प्लास्टरचा वाद आपण पर्यावरणाच्या चष्म्यातून बघतो, आणि ते बरोबरच आहे. विसर्जनानंतर किनाऱ्यावर आलेले सोंडेचे, मुकुटाचे तुकडे ज्याने पाहिले आहेत त्याला वेगळं समजवावं लागत नाही. पण कारखानदार घाबरतो ते दुसऱ्याच गोष्टीला. प्लास्टरने त्याला उशिरा ठरवण्याची मुभा दिली होती. दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होणारा, महिनोन् महिने माळ्यावर टिकणारा, ट्रकमध्ये रचून पाठवता येणारा कच्चा माल. शाडू ती मुभा काढून घेते. शाडूची मूर्ती करायची तर गिऱ्हाईक आधी हवं, कारण ती पावसात वाळत नाही आणि उरली तर टिकवणं अवघड. म्हणजे बंदी फक्त माती बदलत नाही. ‘आधी माल, मग गिऱ्हाईक’ हा क्रम उलटा करते. ज्यांनी आधीपासून थोडं का होईना शाडूचं काम आगाऊ नोंदणीवर चालू ठेवलं होतं, त्यांच्याकडे २०२५ च्या फेब्रुवारीत निदान कोणता प्रश्न विचारायचा एवढं तरी ज्ञान होतं. बाकीच्यांना माती आणि गिऱ्हाईक दोन्ही नव्याने शोधायचं होतं. अशा दुसऱ्या वाटेवर दर वर्षी थोडा पैसा जातो आणि बहुतेक वर्षी तो फुकट गेल्यासारखा वाटतो.

आता माणसांबद्दल. आखणीवाल्याला दिवाळीत उचल द्यायची रीत आहे. हंगाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी. हिशेबनिसाला विचाराल तर तो म्हणेल, काम नाही तेव्हा पैसे कशाला? पण उचल म्हणजे पगार नव्हे, तो एक शब्द आहे: या वर्षीही तुझा हात माझ्याकडेच. मंदीत खर्च कापायचा म्हणून आधी उचल बंद करणारा कारखानदार पुढच्या श्रावणात ब्रश हातात घेऊन स्वतः बसलेला दिसतो, आणि त्याचे गणपती झोपाळलेले निघतात. अलीकडे तर या हातांना गिऱ्हाईकही वाढलं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. गावातल्या विशीतल्या पोराला आता दिवसभर मांडी घालून शेला रंगवण्यापेक्षा बारा महिन्यांच्या पगाराची नोकरी जवळ दिसते. त्याला ‘परंपरा’ सांगून धरता येत नाही. त्याला बारमाही काम द्यावं लागतं. चतुर्थी झाली की नवरात्राच्या देवी, मग परदेशी जाणारे गणपती. ते जहाजाने जायचे म्हणून लवकर निघतात, आणि कारखान्याला रिकाम्या महिन्यांत रोख पैसा देतात. परदेशातला गणपती हा कारखान्याच्या दृष्टीने भक्तीइतकाच खेळत्या भांडवलाचा विषय आहे.

रोख पैशाची आणखी एक आठवण या तालुक्याला आहे. २०१० साली चतुर्थी ११ सप्टेंबरला होती. वर्षाची कमाई हातात यायचे ते दिवस. त्याच सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. तेव्हा ज्याचं सगळं एकाच खिडकीत होतं, त्याला पुढच्या हंगामाचं प्लास्टर उधारीवर आणावं लागलं असणार. पुढे २०१६ च्या ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली तीही नेमकी साचे काढायच्या, उचल द्यायच्या दिवसांत. माल उशिरा पक्का करावा हे जसं खरं, तसंच पैसा एका जागी पक्का करू नये, हे इथं कुणाला समजवावं लागत नाही.

२०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे. चतुर्थी १४ सप्टेंबरला. मागच्या चतुर्थीपासून ३८३ दिवस. नवं कॅलेंडर कारखान्यात आलं, की जानेवारीचं पान कुणी बघत नाही, थेट सप्टेंबर उघडतात. पोरगा म्हणतो, “बाबा, मागच्या सालापेक्षा एकोणतीस दिवस जास्त. दोनशे मूर्ती वाढवू या.” बाप खुंटीवरची वही काढतो, चष्मा लावतो आणि आधी एकोणतीस दिवसांचं व्याज मांडतो. मग म्हणतो, “वाढव. पण कच्च्याच ठेव.”